रोजच्या जगण्यात स्वभाव खरंच बदलतो का? (ख्रिस्ती साधना, नेम आणि घरची माणसं)

केळीची_वाडी

उपवासकाळ संपला, पास्खाचा (ईस्टरचा) सण झाला. चाळीस दिवस आमच्या घरी मटण-मासळी बंद होती, दर शुक्रवारी क्रुसाची वाट, रात्री सगळे मिळून माळेची प्रार्थना. मला हा काळ मनापासून आवडतो. पण दरवर्षी एक प्रश्न पडतो, तो आज इथे मांडते. सण झाला की बांधाचा वाद जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. सख्खे भाऊ एकाच मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर स्वीकारतात आणि चर्चच्या फाटकाबाहेर एकमेकांकडे बघत नाहीत. उपास दोघांनीही प्रामाणिकपणे केलेला असतो, त्यात ढोंग नसतं. मग तो आत का मुरत नाही?

मला वाटतं, आपण मोठ्या दिवसांची तयारी करतो आणि साध्या दिवसांची करत नाही. मंगळवारी दुपारी वर्गात गोंधळ चाललेला असताना, किंवा विरार लोकलच्या दारात कोणी ढकललं तर, त्या क्षणी आपण कोण असतो? विश्वास तिथे उतरला पाहिजे.

म्हणून मी संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेलं रात्रीचं आत्मपरीक्षण करते. हा माणूस आधी शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचलं. त्याच्या एक लक्षात आलं: पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगावं असा विचार केला तर आनंद नंतरही टिकतो. पुढची सगळी साधना या साध्या निरीक्षणावर उभी आहे. रात्री पंधराएक मिनिटं शांत बसायचं. आधी दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, दिवस खरा दिसावा म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचे तास एकेक करून पाहायचे, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. आभार सगळ्यात आधी येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या अनुभवात असा कोणता नेम आहे, ज्याने स्वभावात फरक पडला? आणि तो फरक कोणाला दिसला?

फक्त_वाचक

छान विषय. वाचतेय.

नगरचा_सलाम

ताई, शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. फरक कोणाला दिसला?

आम्ही नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. आमच्याकडे उपवासकाळाचे नेम तुमच्याइतके नाहीत. लहानपणी संध्याकाळी कंदील लावला की कौटुंबिक उपासना व्हायची: एक गायन, एक अध्याय, वडिलांची प्रार्थना. पण स्वभाव कसा बदलतो हे मला कळलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचून.

त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांना आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार दिला होता, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेवता येईना. म्हणजे बदल बुद्धीला पटला, हृदयाला भिडला, सगळं झालं. पण लक्ष्मीबाईंनी लिहिलेला नवरा बाप्तिस्म्यानंतरही तापटच आहे. हातात येईल ते दुसऱ्याला देऊन टाकणारा, घरात काय शिजणार याचा विचार न करणारा, भडकणारा आणि लगेच विरघळणारा. बायकोने हे सगळं प्रेमाने आणि न लपवता लिहिलं आहे. सार्वजनिक सभेत टिळक कसे होते ते अनेकांनी लिहिलं. घरात कसे होते ते लक्ष्मीबाईंनी लिहिलं.

आणि त्यांचा स्वतःचा बदल बघा. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या माहेरच्या माणसांत गेल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. ते आतल्या आत झिजत गेलं. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या शेजारी बसायचं, हे प्रश्न रोज समोर यायचे आणि रोज त्यांना उत्तर द्यावं लागायचं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोवर जात मनातून बरीचशी गेलेली होती. त्यांच्या बाबतीत स्वभाव आधी बदलला आणि विधी मागून आला. मला हा क्रम फार विचार करायला लावतो.

साक्षीदार_नाशिक

प्रभूची स्तुती असो. मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

नेमाने माणूस शिस्तीचा होतो, नवा होत नाही. येशूच्या काळचे कर्मठ परूशी लोक नेम पाळण्यात कमी नव्हते. माझे वडील रोज संध्याकाळी प्यायचे. आजीने नवस केले, आईने हात जोडले, डॉक्टरांनी सांगितलं. एका रात्रीच्या प्रार्थनासभेत पवित्र आत्म्याने त्यांना धरलं आणि दारू सुटली. त्यानंतर थेंबही नाही. तिथे कुठली वही नव्हती, कुठले पाच मुद्दे नव्हते. बदल देव करतो.

केळीची_वाडी

@साक्षीदार_नाशिक, राग कशाला! तुमच्या वडिलांबद्दल वाचून डोळे भरून आले. बदल देव करतो हे मलाही मान्य आहे. आत्मपरीक्षणाची सुरुवातच देवाकडे प्रकाश मागून होते. मी आपल्या ताकदीने स्वतःला घडवते आहे असं मला म्हणायचं नाही.

एक विचारू का? दारू त्या रात्री सुटली. बाकीचं? घरात बोलणं-चालणं, राग, तेही त्याच रात्री बदललं का?

साक्षीदार_नाशिक

प्रामाणिक उत्तर देतो. नाही. राग जायला वर्षं लागली. पण दोन गोष्टी सांगतो. एक, दारू सुटल्यावर लगेच ते आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गेले आणि जुनी उधारी मागितली. दुकानदार म्हणाला, वही फाटली, जाऊ द्या. वडिलांनी अंदाजाने रक्कम ठरवली आणि दर महिन्याला थोडी थोडी फेडली. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने, कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करीन म्हटलं होतं, तो धडा त्यांना पाठ होता. दुसरी गोष्ट, आई जेवल्याशिवाय ते ताटावर बसेनात. आई पहिल्यांदा घाबरली होती, आता हे काय नवीन म्हणून.

आईचा विश्वास बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती म्हणायची, सभेत रडणं मी पुष्कळ पाहिलंय.

नगरचा_सलाम

दादा, तुमच्या आईंना माझा सलाम सांगा.

पापडीचा_पाव

धाग्याला थोडं बाजूला नेतो. ताईंनी मासळीही बंद म्हटलंय म्हणून. आमच्याकडे शुक्रवारी मांस नाही, मासळी चालते. आमचा एक काका उपवासकाळातल्या दर शुक्रवारी पापलेट आणायचा, जाड, पांढरं, आणि म्हणायचा, देवासाठी चिकन सोडलं. आजी म्हणाली, पुढच्या वर्षी देवासाठी पापलेट सोड आणि चिकन खा, बघू कोण जास्त रडतं.

शुभ्रा_कुवेत

😂 आजी फादरच व्हायला हव्या होत्या.

पापडीचा_पाव

आजीने त्याच काळात शेजारणीशी धरलेला अबोलाही सोडला होता, हे मात्र खरं. तिने कोणाला सांगितलं नाही. एक दिवस वालाची भाजी घेऊन गेली, बस्स.

अनिरुद्ध_म

मी श्रद्धावान नाही, पण धागा मनापासून वाचतोय. दोन शंका.

पहिली, दिवसाचा आढावा रोज घेतला तर कोणाचंही वागणं सुधारेल. त्यात देव कुठे लागतो? दुसरी जास्त गंभीर आहे. ज्यांचा स्वभाव मुळात चिंता करणारा, स्वतःला दोष देणारा आहे, त्यांना रोज रात्री स्वतःच्या चुका शोधायला सांगणं घातक ठरू शकतं. माझ्या जवळच्या एका व्यक्तीच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे. झोप उडाली, एकच चूक पन्नासदा कबूल करायची, तरी समाधान नाही.

डेक्कनची_पायवाट

अनिरुद्ध, तुमची दुसरी शंका अगदी बरोबर आहे, आणि ती खुद्द इग्नेशियसच्या आयुष्यातच आहे.

पाय बरा झाल्यावर १५२२-२३ मध्ये तो मानरेसा या गावी राहिला. तिथे त्याला हाच आजार जडला. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी काहीतरी सुटलं असं वाटायचं. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. अखेर त्याच्या ध्यानात आलं की ही टोचणी देवाकडून आलेली नाही, कारण ती त्याला चांगुलपणाकडे न नेता थकव्याकडे नेते आहे. त्याने मागची पापं पुन्हा कबूल करणं थांबवलं. म्हणून ही साधना ज्याला नीट शिकवली जाते त्याला मार्गदर्शक असतो. अशा माणसाला तो आत्मपरीक्षण थांबवायलाही सांगतो. 'साधना' या शब्दाखाली कोणीही आजारी मनाला चिरडू नये. तुमच्या जवळच्या व्यक्तीला डॉक्टरांची मदत मिळाली असेल अशी आशा करते.

पहिल्या शंकेबद्दल: आढावा घेणारा मी आणि न्यायाधीशही मी, असं असतं तेव्हा मी एक तर स्वतःला सोडून देते नाही तर फाशी देते. समोर प्रेम करणारा कोणी बसला आहे असं धरलं की मला खरं बोलता येतं. माझ्यापुरता देव तिथे लागतो.

अनिरुद्ध_म

उत्तर आवडलं. पहिलं पटलं नाही, पण कळलं. (आणि हो, मदत मिळाली. आता बरं आहे.)

ज्ञानबा_आळंदी

रामकृष्णहरी मंडळी. मी वारकरी घरातला. बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. तुकोबांनीही मनाशी चाललेल्या रात्रंदिवसाच्या लढाईबद्दल म्हटलंय, त्यामुळे विषय परका वाटला नाही. आमच्याकडे माळ गळ्यात घातली की मांसाहार सुटतो, एकादशी येते, वारी येते. पण दिंडीत मला जास्त घडवतं ते सोबत चालणारं माणूस. पंधरा-वीस दिवस एकाच तंबूत झोपायचं, एकाच पाण्याला रांग लावायची. तिथे तुमचा खरा स्वभाव तिसऱ्या दिवशी बाहेर पडतो आणि दिंडीतले म्हातारे तोंडावर सांगतात. तुमचा हा रात्रीचा नेम एकट्याचा दिसतो. चूक दाखवणारा कोण?

नगरचा_सलाम

माउली, टिळकांना तुकोबा किती जवळचे होते हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या गायनांत टिळकांचे अभंग आहेत ते त्यामुळेच. प्रश्न अगदी मर्मावर आहे.

मंगळवारची_वर्गसभा

ज्ञानबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हा मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडे आहे, म्हणून आत्तापर्यंत गप्प होते ती लिहिते.

आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या काळी, १७४२ मध्ये ब्रिस्टॉलला सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. ठरलं असं की बाराएक जणांचा गट करायचा आणि एकाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. हे लोक घरोघर जायला लागले तेव्हा त्यांना भलतंच दिसलं. कोणी बायकोशी भांडत होता, कोणी प्यालेला होता, कोणी आजारी असून कोणाला पत्ता नव्हता. वेस्लीला वाटलं, हेच तर आपल्याला हवं होतं. वसुलीतून वर्गसभा जन्मली. त्याआधीपासूनच काही छोट्या गटांत आठवड्याला एकमेकांना स्पष्ट विचारायचा रिवाज होता: मागच्या भेटीपासून तुझ्या हातून कोणतं पाप झालं, कोणता मोह आला.

आमचा पाच बायकांचा गट आहे. मंगळवारी भेटतो. पुरुष नाहीत, पाळक नाहीत, तिथे बोललेलं बाहेर जात नाही. एकीने विचारलं, या आठवड्यात सुनेशी कशी वागलीस? ती म्हणाली, बरी. मग सगळ्या गप्प बसलो. पाच मिनिटांनी ती खरं बोलली. घरी एकटीने बसून प्रार्थना केली असती तर 'बरी' वरच काम भागलं असतं.

शुभ्रा_कुवेत

@मंगळवारची_वर्गसभा, हे फार आवडलं. इथे आमची शुक्रवारची मराठी प्रार्थना असते, पण ती संपली की डबे उघडतात आणि सगळे गावाच्या गप्पा मारतात. डबेही हवेत म्हणा. पण त्यातल्या दोघी-तिघींना विचारून बघेन.

वाघोलीची_लेक

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट बोलायची राहून जातेय ती बोलते.

सहनशीलता, सौम्यता, क्षमा, हे शब्द घरात कोणाला ऐकवले जातात? बायकांना. ज्या बाईला नवरा मारतो तिलाही 'तू प्रार्थना कर, तुझा स्वभाव मऊ कर, तो बदलेल' असं सांगितलेलं मी ऐकलंय, आणि सांगणारी माणसं स्वतःला आध्यात्मिक समजणारी होती. हा धागा वाचून कोणी असा सल्ला देऊ नये. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी. स्वभाव बदलायची जबाबदारी मारणाऱ्याची आहे.

मंगळवारच्या गटात सुनेशी कशी वागलीस असं सासूला विचारलं, ते मला म्हणूनच बरोबर वाटलं. ज्याच्या हातात जोर आहे त्याला आधी विचारा.

केळीची_वाडी

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे माझ्या पोस्टमध्येच यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

साक्षीदार_नाशिक

शंभर टक्के सहमत. आमच्या घरी आईने आठ महिने माहेरी काढले होते. ती गेली नसती तर वडील त्या सभेलाही आले नसते.

केडगाव_स्टेशन

वाघोलीच्या लेकीच्या प्रतिसादावरून पंडिता रमाबाई आठवल्या. आमच्या गावची गोष्ट म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की धर्म तेव्हा मिळाला, पण ज्याच्यासाठी धर्म आहे तो ख्रिस्त त्यांना साधारण आठ वर्षांनी भेटला. एवढी विद्वान बाई, शास्त्रं कोळून प्यायलेली, आणि हे कबूल करायला लाजली नाही. मध्ये त्या स्वस्थ बसल्या होत्या असंही नाही. विधवांसाठी शारदा सदन याच काळात सुरू झालं. म्हणजे काम चालू आणि आतला शोधही चालू.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. सगळ्या उपाशी, घाबरलेल्या, कित्येकींवर अत्याचार झालेले. त्यांना आधी 'क्षमा करा' असं शिकवलं नाही. आधी जेवण, आंघोळ, कपडे. मग अक्षरओळख आणि हाताला काम: विणकाम, शेती, गाई-म्हशी, छापखाना. १९०५ मध्ये मुक्तीत, म्हणजे केडगावच्या त्यांच्या संस्थेत, मोठं संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, त्याबद्दल सगळे बोलतात. त्या काळातही दळण आणि दूध काढणं सुटलं नसणारच, एवढ्या माणसांना जेवायला लागतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापलं. अक्षर न ओळखणारी मुलगी खिळे जुळवायला शिकते, हे मला प्रार्थनेइतकंच पवित्र वाटतं.

साक्षीदार दादा म्हणतात एका रात्रीत, केळीची वाडी म्हणतात रोज रात्री. मुक्तीत दोन्ही झालं.

सुनंदा_मिरज

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी केली, आता निवृत्त. रात्रपाळीवाल्यांना रात्री पंधरा मिनिटं शांत बसा म्हणणाऱ्यांनी एकदा वॉर्डात यावं, असं सुरुवातीला वाटलं होतं. 🙂

मला आधार झाला तो ब्रदर लॉरेन्सचा. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघरात काम करणारा साधा ब्रदर. आधी शिपाई होता, पाय अधू होता. स्वयंपाकाचं काम त्याला मुळीच आवडत नव्हतं, हे तो स्वतः सांगायचा. तरी तिथे भांड्यांच्या गोंगाटात तो देवाशी बोलत राहायला शिकला. त्याच्याकडे वेगळी वेळ नव्हतीच.

मी माझ्यापुरतं असं ठेवलं. प्रत्येक पेशंटचा पडदा बाजूला करण्याआधी एक श्वास आणि एक वाक्य: प्रभू, आत तूच आहेस. काही पेशंट शिव्या द्यायचे. काहींचे नातेवाईक अंगावर यायचे. वाक्य म्हटलं म्हणून मी देवदूत झाले नाही, पण पडदा सरकवणारा हात हळू झाला. माझ्या ज्युनिअर मुलींनी ते पाहिलं. एक म्हणाली, सिस्टर, तुम्ही आधी पडदा ओढायच्या.

डेक्कनची_पायवाट

सुनंदाताई, तुमच्यासारख्यांसाठी इग्नेशियसनेच सोय ठेवली आहे. ज्याला कामधंदा सोडून महिनाभर एकांतात जाता येत नाही, त्याने रोज थोडा वेळ काढून, नोकरी-घर सांभाळत तीच साधना लांबवून करावी असं त्याच्या सूचनांमध्ये आहे, एकोणिसावी सूचना.

आणखी एक, जी कामाच्या मध्येच करता येते. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याबद्दल सावध राहायचं ठरवायचं. दिवसात तो घडला की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाला कळत नाही. दुपारी आणि रात्री जेवणानंतर किती वेळा घडलं ते एका रेघेवर ठिपक्यांनी मांडायचं आणि कालच्या रेघेशी ताडून पाहायचं. मी 'मध्येच दुसऱ्याचं बोलणं तोडणं' हा दोष घेतला होता. नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, अगं आज माझं वाक्य पूर्ण झालं!

पापडीचा_पाव

आमच्या घरी ठिपक्यांना कागद पुरणार नाही. पण छातीवर हात ही गोष्ट मी उद्यापासून ट्रेनमध्ये करून बघतो. चर्चगेट फास्टला.

ज्ञानबा_आळंदी

ही ठिपक्यांची रीत ख्रिस्ती नसलेल्याने केली तर चालेल का? माझा दोष मला माहीत आहे, तो बायकोलाही माहीत आहे.

डेक्कनची_पायवाट

का नाही चालणार, माउली? देवाचे आभार मानून सुरुवात करा, विठोबाचं नाव घेऊन करा. बायकोला मात्र आधी सांगू नका, तिला आपोआप दिसू दे.

वाघोलीची_लेक

मी उलट म्हणेन. आधी सांगा, आणि तिलाच ठिपके मांडू द्या.

मंगळवारची_वर्गसभा

लेकीशी सहमत 😀

नगरचा_सलाम

केळीची वाडी ताई, तुमचा मूळ प्रश्न त्या दोन भावांचा होता. बांधाचा. त्याचं काय? एवढं सगळं बोललो, पण ते दोघं अजून फाटकाबाहेर एकमेकांकडे बघत नाहीयेत.

केळीची_वाडी

काका, तेच डोक्यात होतं सगळं वाचताना. ते माझे चुलतेच आहेत, म्हणून जपून लिहिलं होतं. वाद जुना, दोन्हीकडे थोडं खरं. सातबाऱ्यावर काय आहे ते दोघांनाही माहीत आहे, पण आधी कोण बोलणार हा प्रश्न आहे. साक्षीदार दादांच्या वडिलांची उधारी वाचल्यापासून मला वाटतंय की यांना 'प्रेमाने वागा' सांगून उपयोग नाही. आधी मोजणी करून घ्यावी, चुकीचं सरकलेलं परत करावं, मग बोलणं. आणि वाघोलीच्या ताईंचा मुद्दाही लागू पडतो: ज्याच्याकडे जास्त जमीन आहे त्याला आधी विचारायला हवं.

आमच्या आळीचा लघुसमूह महिन्यातून एकदा घरोघरी भेटतो. पुढची भेट थोरल्या चुलत्यांकडे आहे. धाकटे येत नाहीत, पण काकी येतात. मी दोन्ही काकींशी आधी वेगवेगळं बोलते. त्या तयार झाल्या तर मोजणीचा अर्ज दोघींच्या घरून एकत्र करता येतो का ते बघू. फादरांना सध्या मध्ये घालत नाही.

साक्षीदार_नाशिक

प्रार्थना करतो, ताई. अर्जासोबत नकाशाची जुनी प्रत लावा, वेळ वाचतो.

फक्त_वाचक

काकी काय म्हणाल्या ते नक्की लिहा.